थंडी मोजणारं झाड

आमच्या दारात सफरचंदाचं एक झाड आहे आणि वीस वर्षांत त्याला एक फूल आलेलं नव्हतं. हे ऐकलं की खानापूर तालुक्यातला कुठलाही माणूस आधी हसायचा. हसणारच. चहूबाजूंनी सफरचंदाच्या बागा, माझ्या लहानपणी जिथं कुसळं होती आणि तरुणपणी डाळिंब होतं तिथं आता वर्षातून दोनदा सफरचंद निघतं, आणि हणमंतशेठ बाबरांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, दारातलं झाड नुसतं पानं ढाळत उभं. येताजाता कुणीतरी विचारायचंच, काकू, कुऱ्हाड आणून देऊ का. मी विचारायचे, तुझा म्हातारा काही कमवत नाही, त्याला कुठं नेऊन टाकलास? मग गप्प चालू लागायचे.

माझं नाव उज्ज्वला. लग्न होऊन आले ती गलाईवाल्याच्या घरात. गलाई म्हणजे सोनारांची मोड आणि दुकानातला केर वितळवून त्यातलं सोनं-चांदी चोख करून द्यायचं काम. आमच्या भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली, कुणी कोईमतूर, कुणी गुवाहाटी. आमच्या मालकांच्या वाट्याला आलं कुलूच्या अंगाचं सैंथली नावाचं बाजाराचं गाव. तिथं खाली बाजारात भट्टी आणि वर चढावर, बिमलादेवी ठाकूर यांच्या लाकडी घरात, भाड्याच्या दोन खोल्या. घराच्या चारी बाजूंना त्यांचीच सफरचंदाची बाग. बिमलादी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कमी वयात विधवा झालेल्या, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गाय मागं वळून बघायची.

पहिल्या वर्षी मी वेड्यासारखी सफरचंद खाल्ली. श्रावण-भाद्रपदात सगळ्या जाती उतरल्या, ट्रक भरून गेल्या, बाग मोकळी झाली. पण कोपऱ्यातल्या काही झाडांना कुणी हात लावेना. दिवाळी झाली, पहाटे गवतावर दहिवर गोठायला लागलं, तेव्हा कुठं बिमलादी ती उतरवायला निघाल्या. हिरवट रंग, एका गालावर मळकट तांबूसपणा, साल जाड आणि हाताला मेणचट लागणारी. मी आपलं एक उचललं आणि चावले. दात आंबले, जीभ आकसली, डोळ्यांतून पाणी. बिमलादी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, ही ह्युंदी. ह्युंद म्हणजे हिवाळा. ही झाडावर पिकत नाही, घरात पिकते.

माळ्यावर वाळल्या गवताचा थर, त्यावर फळं एकमेकांना न लागतील अशी मांडायची, पुन्हा गवत. आमच्याकडं आंब्याची आढी घालतात तशीच, फक्त आढीला ऊब लागते आणि हिला गारठा. मग वाट बघायची. पौष लागला की एखाद्या सकाळी जिन्यात वास यायचा. आधी पुसट, मग घरभर. रस्ता बर्फानं बंद, बाजार बंद, भट्टी बंद, मालक घरात. लोखंडी तंदुरीभोवती सगळे बसलेलो आणि बिमलादी माळ्यावरून पदरात फळं घेऊन उतरायच्या. त्याच कडूजहर आंबट फळाचा आता असा गोडवा की चिरताना सुरीला चिकटायचा, आणि आंबटपणाही मागं थोडासा राहिलेला. होळीपर्यंत ती फळं पुरायची आणि एकही सुरकुतायचं नाही. मी जगात पुष्कळ काही खाल्लं, पण तसं काही पुन्हा मिळालं नाही. 

पहिल्या संक्रांतीला तर मी रडले होते. ओटी भरायची तर नारळ नाही, रस्ता बंद, माहेर दोन हजार किलोमीटर लांब. बिमलादींनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी माळ्यावर जाऊन एक ह्युंदी आणली, माझ्या ओटीत तांदळाबरोबर घातली आणि कुंकू लावलं. म्हणाल्या, तुझ्या देवाला सांग, इथं हेच पिकतं. पुढं सैंथलीत गलाईवाल्यांची आणखी चार घरं आली, पण कुणीही ओटीला नारळ शोधला नाही. आम्हा सगळ्या बायकांची ओटी ह्युंदीनंच भरली जायची.

भट्टीचा धूर मालकांच्या छातीत गेला तेव्हा डॉक्टरांनी गावी जा म्हणून सांगितलं. निघताना बिमलादींनी ओल्या फडक्यात गुंडाळून ह्युंदीच्या काड्या दिल्या. कलम कसं बांधायचं ते दाखवलं. गावी येऊन बांधल्या, एक जगली. तेच हे दारातलं झाड.

आता ते फुलत का नव्हतं हे सांगते. मला हे आमच्या संग्रामनं, माझ्या लेकानं, चहा पिता पिता समजावलं, तो शेतीचं शिकलेला आहे. सफरचंदाच्या प्रत्येक डोळ्यात, म्हणजे फांदीवर जिथून पान-फूल फुटतं तिथं, एक कुलूप असतं. पानगळ झाली की ते लागतं, म्हणजे मधेच चार दिवस ऊन पडलं म्हणून फूल फसून बाहेर येऊ नये. मग डोळा थंडी मोजत बसतो. पारा सात अंशांच्या खाली गेला की ते तास जमेला धरायचे. जसजसे तास साठतात तसतशा कुलपाच्या जनुकावर बारीक रासायनिक खुणा बसत जातात आणि ते जनुक हळूहळू गप्प होतं. हिशेब पुरा भरला की कुलूप निघालं, आता ऊब आली की खुशाल फुला. उन्हाळ्यात या खुणा पुसल्या जातात आणि पुढच्या हिवाळ्याला मोजणी पहिल्यापासून. काही जातींना थोडे तास पुरतात. ह्युंदीला दीड हजाराच्या वर लागतात, सगळ्यांत जास्त. आणि आमच्या खानापुरात वर्षभरात शंभरसुद्धा भरत नाहीत. झाड बिचारं मोजत बसलेलं आणि मोजायला काही नाही.

मग ते औषध निघालं. त्याला इंग्रजी नाव आहे, पण सगळे थंडीचं औषधच म्हणतात. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत आरएनएचे तुकडे भरलेले असतात. पानं उतरवून झाडावर धुक्यासारखं मारायचं. ते डोळ्यांत शिरतं आणि कुलपाच्या जनुकाला कायमचं गप्प करतं. कायमचं, हे महत्त्वाचं. त्या लाकडाला पुन्हा कुलूप बसत नाही, त्याच्या काड्यांनाही नाही. एकदा औषध, जन्मभराची सोय, असंच म्हणून ते विकलं गेलं आणि खोटं काही नव्हतं. संग्रामनं दारातल्या झाडाच्याच काड्या घेऊन बाग लावली, औषध मारलं, काही दिवस पाणी तोडून मग सोडलं की हवा तेव्हा डाळिंबासारखा बहार धरता यायला लागला. ह्युंदी म्हणून ज्येष्ठात विकायचा. पिकवायच्या खोलीत दोन दिवसांत गोड करायचा. मी एकदा खाल्लं. वाईट नव्हतं. पण चार दिवस ठेवलं तर पिठूळ व्हायचं, आणि मुळात कशाची वाट बघायची नव्हतीच. दारातल्या झाडाला मात्र मी औषध लावू दिलं नाही. शास्त्रबिस्त्र काही नाही, हट्ट म्हणा. बिमलादींनी जसं दिलं तसं ते राहू दे, एवढंच मला वाटायचं.

दोन वर्षांमागच्या मार्गशीर्षात बिमलादींचा फोन आला. इकडचं-तिकडचं काही न बोलता त्यांनी विचारलं, उजला, तुझ्या झाडाला औषध मारलंयस का. मी नाही म्हणाले.  पलीकडं त्या रडायलाच लागल्या.

पहाडातला हिवाळा आटत गेला तशी तिथल्यांनीही औषधं मारली होती, बिमलादींनीसुद्धा. सुरुवातीची वर्षं झाडं लगडली. मग एका पौषात आठवडाभर ऊन तापलं, आणि कुलूप नसलेली ती झाडं भर हिवाळ्यात फुलली. वरून माघाचं बर्फ आलं. मोहोर गेला, फांद्या चिरल्या. असं लागोपाठ दोनदा झालं आणि बाग वाळली. आता त्यांच्या नातीनं लाहौलच्या बाजूला, पूर्वी जिथं सफरचंद यायचंच नाही इतक्या उंचावर, जमीन घेतली होती. थंडी आता तिथंच उरली आहे. तिथं ह्युंदी लावायची तर कुलूप शाबूत असलेलं लाकूड हवं. त्यांनी सगळा मुलूख पालथा घातला होता. औषध न लागलेलं ह्युंदीचं एकही झाड शिल्लक नव्हतं, माझ्या दारातलं सोडून.

काड्या कुणाच्या तरी हाती पाठवते म्हटलं तर त्या ऐकेनात. ऐंशीला टेकलेली बाई, म्हणाल्या माघात मी स्वतः येते, स्वतः कापते. त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना सगळं सांगितलं. संग्राम म्हणाला, आई, तुझं झाड म्हणजे आता एकमेव नमुना. मालक भाकरी मोडत ऐकत होते. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं. त्यांनी मान हलवली.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मिरजेला झालं आणि पुढं महिनाभर लेकीकडंच राहिले. बिमलादी येणार त्याच्या आदल्या दिवशी लेकीनं मला गाडीनं घरी आणून सोडलं.

फाटकातून आत आले आणि थांबले. झाड फुललं होतं. खालपासून शेंड्यापर्यंत, पांढरं-गुलाबी, आणि त्यात मधमाश्यांचा आवाज. खरं सांगते, पहिल्यांदा मला काही म्हणजे काही आठवलं नाही. सैंथलीची सकाळ आठवली फक्त. वीस वर्षांनी मी ह्युंदीचं फूल बघत होते आणि काठी टेकून हसत उभी होते. मग डोकं ठिकाणावर आलं. थंडीशिवाय फूल म्हणजे औषधच.

मालक इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर उभे होते. तोंडावर आनंद, लहान पोरानं काही करून दाखवल्यावर असतो तसा.

"बिमलादी एवढ्या लांबून येणार आणि त्यांना बोडकं झाड दाखवायचं व्हय? ज्यांच्या घरी आपण तीस वर्षं राहिलो, त्यांना?" ते म्हणाले. "एक बहार धरला. पुढच्या साली देऊ सोडून."

आणि मग त्यांनी मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. तिथं एक फांदी माझ्या जुन्या इरकलीत गुंडाळलेली, त्यावर प्लास्टिक, सुतळीनं पक्कं आवळलेलं. ही दीदींच्या काड्यांसाठी राखलीय म्हणाले. औषध मारण्याआधी बांधली, एक थेंब लागू दिला नाही. प्लास्टिक सोडून दाखवलं तर खरंच, तिच्यावरचे डोळे मिटलेले होते.

आता या माणसाला काय म्हणावं? सगळी हयात भट्टीवर गेलेली, आणि गावी आल्यावर जी शेती बघितली ती डाळिंबाची. डाळिंबाचा बहार धरला काय, सोडला काय, झाड तेच राहतं. अर्ध्या बागेचा धरून अर्धी राखणारेही आमच्याकडं आहेत. त्यांनी त्याच हिशेबानं डोकं चालवलं होतं, आणि त्यांच्या परीनं काळजी घेऊन चालवलं होतं. पाहुणीला फुलंही आणि काड्याही. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं आणि तरी मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकले नाही. एवढंच म्हणाले, कात्री आणा, ती फांदी आत्ता उतरवा. त्यांनी उतरवली. मी ती ओल्या पोत्यात गुंडाळून घरात नेली.

संग्राम दिल्लीला माल घेऊन गेला होता, त्याला फोन लावला. तो ऐकत राहिला आणि मग वडलांना म्हणाला, "अण्णा, फांदी झाकलीत, पण खोड एकच आहे." औषध रसातून चढतं. झाकलेल्या फांदीपर्यंत पोचायला वेळ लागेल, पोचणार नाही असं नाही. पोचलं की नाही हे प्रयोगशाळेतूनच कळेल. मालक खुर्चीत बसले ते बसलेच. सदऱ्याची वरची गुंडी उगाच काढत-लावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिमलादी आल्या. पाठीत वाकलेल्या, पण आवाज तोच. गाडीतून उतरल्या, झाड बघितलं आणि हातातली पिशवी तिथंच टाकून त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. एक फांदी खाली ओढून तोंडाला लावली. किती वेळ तशाच. मी आणि मालक पायरीवर, कुणाचीच पुढं व्हायची हिंमत नाही. मला वाटलं चहा होऊ दे, बाई दमून आल्यात, मग सांगू. पण मला राहवेना. तिथंच, फुलांखालीच सांगून टाकलं.

त्यांनी टाकलेली पिशवी उचलली. आत आल्या, पोतं सोडलं, झाकलेल्या फांदीतली एक डहाळी कापली आणि काचेचा पेला मागितला. पेल्यात पाणी घालून डहाळी उभी केली आणि ओट्यावर शेगडीशेजारी ठेवली. पहाडात लाकूड पारखायची त्यांची रीत होती ती. कुलूप शाबूत असेल तर डोळे कितीही उबेत दगडासारखे मिटून राहतील. गेलं असेल तर उघडतील. प्रयोगशाळेची गरज नाही म्हणाल्या.

आमच्या घरात त्यापुढं दुसरा विषय नव्हता. जो तो निमित्त काढून स्वयंपाकघरात यायचा. मालकांना एरवी दिवसभरात दोनदा पाणी लागतं, त्या दिवसांत ते घागर रिकामी करायला आल्यासारखे येत होते. पेल्याकडं तिरक्या नजरेनं बघायचे आणि पाणी न पिता जायचे. मला तर भाकरी थापतानाही मान वळवायचा नाद लागला. माणसं डोळे उघडावेत म्हणून देवाला नवस बोलतात. मी ते मिटलेले राहावेत म्हणून बोलत होते.

आठवड्यानं एका सकाळी मी उठून गेले तर बिमलादी माझ्याआधी तिथं उभ्या होत्या. डहाळीच्या टोकाच्या डोळ्यातून हिरवं डोकावत होतं. खालच्या दोन डोळ्यांतूनही. त्यांनी पेला उचलला आणि खिडकीत उन्हात नेऊन ठेवला.

मालक दारात उभे होते. पुढं आले आणि बिमलादींच्या पायांशी खाली बसले. "दीदी, मी तुमचं झाड मारलं."

"उठा, शेठजी," त्या म्हणाल्या. हिंदीतच बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगते. "आमची झाडं आम्हीच मारली. तुम्ही एक फांदी तरी झाकलीत. आम्ही एकही झाकली नव्हती."

त्यांनी माफ केलं. मी नाही केलं. लोक म्हणतील, बाई, दुसरी माफ करते आणि तुला काय झालं. पण ते झाड माझं होतं. वीस वर्षं गावाची टवाळी मी ऐकली होती आणि तेवढी एकच गोष्ट बिमलादींसाठी माझ्या हातून सांभाळली गेली होती. मालकांशी मी मीठ, गोळ्या आणि लाइट बिल एवढंच बोलायला लागले. जेवण वाढायचे आणि उठून जायचे. त्यांनीही कधी विचारलं नाही की किती दिवस.

परत आलेल्या संग्रामला बिमलादींनी विचारलं, फळ धरलं तर त्यातल्या बीचं काय. तो म्हणाला, बी तयार होताना बहुतेक खुणा पुसल्या जातात, निसर्ग पाटी कोरी करतो. पण औषधाची खूण पुसली जाते का हे कुणी बघितलेलं नाही, कारण सफरचंद कुणी बीपासून लावतच नाही. त्यात पराग येणार माझ्या बागेतून, तीही सगळी औषधाची. आणि बीतून ह्युंदी येणारच नाही, आंब्याच्या कोयीसारखं आहे ते, प्रत्येक बी वेगळं निघणार. बिमलादी म्हणाल्या, ह्युंदीसुद्धा माझ्या आजेसासऱ्यांना गोठ्यामागं आपोआप उगवलेली सापडली होती, तिलाही कुणी काडीनं लावलं नव्हतं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, वरची खोली रिकामी आहे ना, भाडं काय घेशील?

राहिल्या की हो! फळ हाती येईपर्यंत राहिल्या. चैत्रातच त्यांचा जीव कासावीस झाला. वैशाखात तर कूलरपुढची खुर्ची सोडून हलायच्या नाहीत, आणि तिथून आमच्या सूर्याला पहाडी भाषेत शिव्या द्यायच्या. मला न कळणाऱ्या असल्या तरी शिव्या आहेत एवढं कळायचं. संध्याकाळी दोघी झाडाखाली बसायचो आणि सैंथलीतलं एकेक माणूस काढायचो. कोण मेलं, कुणाची पोरगी कुठं दिली, तंदुरीवर कुणाचा कोट जळला होता. वय विसरून हसायचो. मालक तेव्हा लांब, विहिरीपाशी बसलेले दिसायचे.

फळं मात्र गळायला लागली. ह्युंदीला हे ऊन कधी ठाऊक नव्हतं. मालकांनी झाडाला सावलीची जाळी बांधली, दिवसातून तीनदा बुंध्याशी ओलं गवत बदललं, शिडीवर चढून एकेका फळाला कागद बांधला. ऐंशीच्या घरातला माणूस शिडीवर, खाली धरायला कुणी नाही. मी खिडकीतून बघायचे आणि तिथंच उभी राहायचे, खाली जायचे नाही. दिवाळीनंतर फळं उतरवली तेव्हा ती एका टोपलीत मावली. हिरवट, मळकट तांबूस गालाची. बिमलादींनी लोकरीत गुंडाळून ती पेटीत भरली. बी वेगळं काढायचं नाही, फळातच राहू द्यायचं आणि बर्फाच्या आधी वर नेऊन मातीत घालायचं. बीलासुद्धा रुजण्याआधी एक हिवाळा मोजावा लागतो, तो तिथलाच हवा.

त्या गेल्या आणि घर एकदम ओकं वाटायला लागलं. मार्गशीर्षात कळलं, बी पेरलं, वर बर्फ पडलं. मग महिनाभर काही नाही. माघात फोन आला. तिकडंही मधेच आठ दिवस ऊन तापलं होतं, बर्फ विरघळलं आणि वाफ्यात कोंब दिसायला लागले. त्यांचा आवाज सपाट होता. भर माघात कोंब येणं म्हणजे कुलूप नसणं. चार दिवसांनी पुन्हा बर्फ पडलं आणि आलेले सगळे कोंब काळे पडले. फोन ठेवला तेव्हा मालक उंबऱ्याशी उभे होते. माझा चेहरा बघून ते परत फिरले.

मी तो विषय मनातून काढून टाकला. झाडाकडंही बघायचे नाही, आणि ते वेडं पाणी तोडलं तरी आपलं अवेळी फुलत राहायचं.

चैत्रात, पाडवा होऊन गेल्यावर, एका सकाळी बिमलादींचा चेहरा फोनवर. समोर दिसत होतं ते त्यांचं नाक आणि मागं मोठा डोंगर, कारण फोन कसा धरायचा हे त्यांना अजून येत नाही. मग नातीनं तो खाली वळवला. काळी ओली माती, कडेला उरलेला बर्फाचा ढिगारा आणि मधोमध एक कोंब. दोन जाडसर पानं, अजून टरफल डोक्यावर अडकलेलं. माघात बाकीचे आले तेव्हा हा आला नव्हता. बर्फ पडलं, विरघळलं, पुन्हा पडलं, हा खालीच होता. डोंगर मोकळे झाले तेव्हा वर आला.

संग्राम माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, मावशी, एखाद्या बीला नुसता उशीरही होतो.

"उशीर नाही रे," बिमलादी म्हणाल्या. "मोजत होतं."

फळ कसं लागेल माहीत नाही. गोड की कडू, ठेवलं तर टिकेल की नासेल, कळायला आठ-दहा वर्षं जातील आणि तेव्हा आम्हा तिघांतलं कोण असेल कोण जाणे. बिमलादी हे सगळं जाणून होत्या आणि दहा वर्षांच्या पोरीसारख्या हसत होत्या. मी फोन घेऊन तशीच बाहेर आले. मालक पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

"अवो," मी म्हणाले. "एक थांबलंय."

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडून असं काही ऐकायची सवय मोडली होती त्यांची. फोन दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.  मग पडद्याकडं बघत म्हणाले.

"दीदी, त्याला सावली करावी लागंल का? जाळी पाठवू? गवत?"

"शेठजी," पलीकडून सगळा डोंगर हलेल असा तो आवाज आला, "तुम्ही काही करू नका. तुमच्या पाया पडते. त्याला काहीही करू नका."

मला हसू फुटलं. मग त्यांनाही. डोळे पुसत हसत होते. मी वर्षभरानं त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले आणि संग्रामला सांगितलं, दोन कप चहा टाक, आज माझ्या कपातही साखर घाल.